बरणीतला वाटा

…नऊ. सहाच्या सहा बाटल्यांत नऊ-नऊ कॅप्सूल उरलेल्या. पहिल्यांदा खटकलं ते तिथं, एजे — मोठ्या बहिणीसारख्या आहात, म्हणून एजेच म्हणते. तुम्ही मघाशी विचारलंत ना, असं झालंय तरी काय, की ही पोरगी बिश्केकहून सहा तास व्हॅनमध्ये हादरत येते आणि तुमच्या दुकानाच्या पायरीवर बसून दर दोन मिनिटांनी फोन कानाला लावते — तर सुरुवात अशी, एवढीशी. बाटल्या परत आल्या की उरलेल्या कॅप्सूल मोजायच्या, हे माझं काम. आणि माणसं कशी असतात, तुम्हाला माहितीये — एक जण तीन परत आणतो, दुसरा सतरा, एका आजोबांनी सांगितलं होतं की बाटलीवर घोड्यानं पाय दिला. अगदी नेमानं औषध घेणारा माणूस मी अजून पाहिला नाही, मी स्वतःसुद्धा घेत नाही. आणि इथं सहा माणसं, एकाच खोलीतली, आणि नऊ, नऊ, नऊ, नऊ… मी दोनदा मोजल्या. मग का कोण जाणे, एक बाटली नाकाशी नेली — आणि शिंका सुरू झाल्या त्या थांबेचनात, डोळ्यांतून पाणी. तळाला पिठासारखं काहीतरी होतं, पिवळट, चिमूटभर. बंद कॅप्सूलमधून पीठ कसं येईल, सांगा मला?

एक मिनिट हं, लावून बघते. …नाही. 'संपर्क होऊ शकत नाही.' तीच बाई, तोच गोड आवाज. हिला एकदा तरी घाबरल्यासारखं बोलता आलं असतं तर —

अगंबाई! काय ते? …फ्रीज. बंद होताना असा धक्का देतो होय? हसा, हसा. सगळे हसतात. हॉस्पिटलात चौथ्या खोलीत मला 'ससुली' म्हणतात. भांडं पडलं की पेशंट आधी माझ्याकडे बघतात, मग भांड्याकडे. आई म्हणते, जन्मले तेव्हा बाहेर कुणीतरी ट्रॅक्टर सुरू केला होता म्हणून मी अशी. चहा नको, एजे, खरंच नको — बरं द्या, अर्धाच द्या. दूध नको.

तर मी बेगायिम. छातीच्या रोगांचं हॉस्पिटल आहे, तिथं संशोधनाच्या विभागात. डॉक्टर नाही हो, डॉक्टर म्हणू नका. जीवशास्त्र शिकले, मग प्रोफेसरांनी ठेवून घेतलं — कुबात ओरोझोविच, मोठे सर्जन आहेत. त्यांच्याकडे येणाऱ्या गाठी कशा, तर छातीच्या बरोबर मधोमध, हाडामागे, हृदयाच्या वर. लाखात एखाद्याला होतात. फुप्फुसाच्या नव्हेत, त्या वेगळ्या. या इतक्या क्वचित दिसतात की गावातला डॉक्टर वर्ष-वर्ष खोकल्याचं औषध देत राहतो. मग ऑपरेशन. आणि ऑपरेशन चांगलं झालं तरी माणूस वाळत जातो — का, तर तिथून जाणाऱ्या नसा दुखावतात, पोट कामच करत नाही, खाल्लेलं अंगी लागत नाही. मटण खातात आणि काठीसारखे होतात. म्हणून प्रोफेसरांनी ही चाचणी सुरू केली. अन्न पचवणारे रस असतात ना पोटात, एन्झाइम — तेच कॅप्सूलमध्ये भरून जेवणाबरोबर द्यायचे आणि बघायचं, वजन वाढतंय का. आमचे बुरशीपासून काढलेले, नेहमीसारखे डुकराचे नाहीत, म्हणून तर म्हाताऱ्यांनी सह्या केल्या. आणि निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना नुसत्या पिठाचे दाणे भरलेल्या, तशाच दिसणाऱ्या कॅप्सूल. कुणाला कुठल्या, ते कुणालाच माहीत नाही. त्यांना नाही, मला नाही, प्रोफेसरांनाही नाही. नाही, यात फसवणूक नाही, एजे. सगळं आधी सांगितलेलं असतं. त्याशिवाय कळणार कसं, औषधानं फरक पडला की नुसत्या आशेनं?

तुम्ही पण तेच तोंड केलंत. अगदी तेच. साल्किन आपांनी असंच केलं होतं.

मी चौथ्या खोलीत गेले, बाटल्या मोजल्या त्याच संध्याकाळी. खिडकीत टॉवेलखाली दगडी खलबत्ता. मी म्हटलं, हे काय? साल्किन आपा — त्या आयुष्यभर एका शाळेच्या खानावळीत स्वयंपाकीण होत्या, खोलीत त्यांचंच राज्य — म्हणाल्या, "मिरी कुटायला." मी म्हटलं, हॉस्पिटलात मिरी? तर म्हणाल्या, "ससुले, दार लाव आणि बस." आणि मग सांगितलं. म्हणे, तूच आम्हाला समजावलंस पहिल्या दिवशी, की तिघांना औषध आणि तिघांना पीठ. आम्ही रात्रभर विचार केला. सहा माणसं एका दस्तरखानाभोवती बसतात, एकच ब्रेड मोडून खातात, आणि तिघांच्या वाडग्यात रस्सा आणि तिघांच्या वाडग्यात पाणी? हे कुठल्या घरात चालतं? म्हणून मग सगळ्यांच्या कॅप्सूल एका वाडग्यात ओतायच्या, उघडायच्या, आतले दाणे कुटून एकजीव करायचे, आणि चमच्यानं सारखे सहा वाटे. म्हणजे खरं औषध कुणाच्याही बाटलीत असो, कुणीच उपाशी राहणार नाही. आणि परत देताना थोड्या दाखवायला हव्यात, नाहीतर पोरगी संशय घेईल, म्हणून कुटून पीठ लागलेल्या त्याच हातांनी प्रत्येकाच्या बाटलीत नऊ. "नऊच का?" मी विचारलं. तर तो खोलीतला बसड्रायव्हर म्हणाला, "एकाच्या बाटलीत आठ आणि दुसऱ्याच्या दहा ठेवल्या असत्या तर भांडण झालं असतं ना!" आणि सगळे हसायला लागले, टाके धरून धरून हसत होते, त्यांना हसू नका म्हणून सांगितलेलं असतं.

मी रडले. हसू नका. दोन वर्षांचं काम, एजे. सगळ्या हॉस्पिटलात चाळीस माणसं, त्यातली ही सहा अशी मिसळून गेलेली, आणि कोण जाणे दुसऱ्या खोल्यांतही — मी विचारलंच नाही, विचारायची हिंमत झाली नाही. आणि साल्किन आपांनी मला जवळ घेतलं, बशीतला तळलेला बोर्सोक माझ्या तोंडात घातला, म्हणाल्या, "खा. आता तू आमच्या दस्तरखानावर खाल्लंस, आता कुणाला सांगशील कशी?" आणि मी खाल्ला. गिळलासुद्धा.

नाही सांगितलं. सतरा दिवस. तक्त्यात काय लिहिलं? 'परत आलेल्या: ९. औषध नियमित.' प्रोफेसरांनी तो तक्ता बघून माझी पाठ थोपटली, म्हणाले, "बघ, खेड्यातल्या माणसाला नीट समजावलं की शहरातल्यापेक्षा शिस्तीत वागतो. आणि समजावलंस तू." आणि मी 'धन्यवाद' म्हटलं. मला वाटलं — खरं सांगू? — मला वाटलं, यानं कुणाचं काय बिघडतंय. आकडे बिघडतील, पेपर बिघडेल, पण माणसाला काही होणार नाही. उलट सहाही जणांचं वजन वाढत होतं, थोडं थोडं. अर्धं औषध तर सगळ्यांनाच मिळत होतं ना.

लावते पुन्हा. तुमच्या या पायरीवरच दोन रेघा येतात, आत आलं की जातात. …नाही.

हो, सांगते ना, तिकडेच येतेय. ओस्मोनकुल अता. त्या सहांतले एक, आणि हो, तेच, वरच्या जायलूच्या कुरणावर ज्यांच्या घोड्या आहेत ते. काल सकाळी इथूनच गेले असतील ना? गेलेच असणार, दुसरा रस्ताच नाही. पांढरी टोपी, चालताना मधेच थांबतात आणि डोंगर बघितल्यासारखं करतात — डोंगर बघत नसतात ते, दम घेत असतात. त्यांची गाठ पूर्ण काढता आली नाही. श्वासनळीला चिकटली होती, ओढली असती तर नळीच फाटली असती, म्हणून प्रोफेसरांनी निम्मी ठेवली. त्यांची नळी आतून एवढी उरलीये — ही माझी करंगळी बघा, हिच्याहून बारीक. इतरांना सर्दी झाली तर सर्दी होते, त्यांना झाली तर मरण. महिनाभर रोज म्हणायचे, मला घोड्यांचा वास येईना इथं, इथं नुसता फिनेलचा वास, मी फिनेलमध्ये मरणार नाही. परवा घरी सोडलं. औषधाचा कोर्स संपला होता, वजन चार किलो वाढलं होतं, सगळे खूश. आणि चौथ्या खोलीनं त्यांना निरोप दिला. रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? केशिकाचा वाटा बांधून द्यायला हवा. तुम्हाला काय सांगायचं, तुम्हीही लग्नातून पिशवी भरून आणत असाल, वाटेत भेटेल त्याच्या तोंडात घास घालत असाल. तर त्या पाच जणांनी आपापल्या बाटल्या पालथ्या घातल्या, होतं नव्हतं ते सगळं, आणि साल्किन आपांनी ते अख्खी दुपार बसून कुटलं. धूळ होईपर्यंत. जॅमची बरणी भरली, वर कापड बांधलं. 'घरी गेल्यावर रोज एक चमचा, अता, आणि आमची आठवण.' मला त्यातलं काही माहीत नव्हतं — म्हणजे ते मला दाखवायला आले होते, मी म्हटलं मला नका दाखवू, मी काही बघितलं नाही.

आणि काल दुपारी साल्किन आपांचा श्वास अडकला.

बसल्या बसल्या. ओठ निळे, छातीतून शिट्टीसारखा आवाज, हात हवेत असे — ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी मास्क लावला, इंजेक्शन दिलं, अर्ध्या तासात सावरल्या. डॉक्टर म्हणाले, यांना कधी दमा होता का? कधीच नव्हता. मग हे कशानं? कुणाला कळेना. मला कळलं. मी भिंतीला टेकून उभी होते, आणि मला कळलं, कारण त्या औषधाबरोबर आलेला कागद मीच किर्गिझमध्ये उतरवला होता. त्यात सातव्या ओळीत आहे — भुकटी करू नये, भुकटी श्वासावाटे आत गेल्यास श्वासनळ्या आवळू शकतात. पोटात गेलं तर अन्न पचवतं, छातीत गेलं तर — पचवण्याचाच रस आहे ना तो, एजे, त्याला काय ठाऊक समोर मटण आहे की माणूस. आणि रोज रोज नाकात जात राहिलं की शरीर चिडतं, मग एक दिवस एवढ्याशानं भडका उडतो. दोन महिने त्या खोलीत रोज कुटणं चाललं होतं. अतांची कॉट कुठली, माहितीये? खिडकीजवळची. खलबत्त्याच्या शेजारची.

साल्किन आपांच्या नळ्या धडधाकट होत्या, समोर डॉक्टर होता, मास्क होता. आणि हे म्हातारे — करंगळीएवढी नळी, बंद यर्टचा तंबू, वर पिठासारखी भुकटी भरलेली बरणी, कापड सोडलं की उडणार, आणि डॉक्टर किती लांब? पाच तास? म्हणून आले मी. मला दुसरं काही नको, एवढंच सांगायचंय की ती बरणी उघडू नका. कापड सोडू नका. आहे तशी जमिनीत पुरा. एवढं एक वाक्य.

काल दुपारपासून फोन लावतेय. फॉर्मवर सुनेचा नंबर आहे, एल्नुराचा. तिचा नवरा रशियात आहे, ती रोज शेवटची घोडी दोहून झाली की फोन घेऊन टेकडीवर चढते, तिथं रेंज येते, नवऱ्याशी बोलते. हे अतांनीच सांगितलं होतं, म्हणायचे, आमच्या सुनेला आमच्यापेक्षा ती टेकडी प्यारी. काल संध्याकाळी लागला नाही. ढग होते का काल? होते ना. मग आज पहाटेची व्हॅन धरली. वर जाणारी गाडी बारालाच गेली म्हणता, मला वाटलं होतं दोनला असते, कुणीतरी दोन सांगितलं —

जिल्ह्याचा दवाखाना? हो. …हो, कळवता आलं असतं. काल दुपारीच. त्यांची जीप आहे, हो. मला माहितीये की त्यांची जीप आहे. पण फोन केला तर ते विचारणार ना — आपण कोण, औषध कुठलं, भुकटी कुणी केली, पेशंटकडे ती कशी गेली. मग ते प्रोफेसरांना विचारणार. प्रोफेसरांना वाटतंय मी आज दाताच्या डॉक्टरकडे आहे. मी तसं लिहून आले, 'दाढ', एवढंच. असं बघू नका माझ्याकडे. मी सहा तास बसून आले की नाही? दुसरं कुणी आलं असतं?

काय? …नाही, परत सांगा. तुमच्याकडे थांबले होते? काल? आणि — काय दिलं? तुम्हाला कशाला दिलं? 'शहरातला केशिक'? अरे देवा. कुठंय? कागदात? कुठल्या फळीवर — नका! हात लावू नका! — माफ करा, ओरडले मी, पण तो कागद तसाच — हळू — असा — मला द्या. डोक्यावरच्या रुमालानं नाक झाका. नाही, मी हलवत नाहीये. इथं, या पिशवीत. गाठ मारा तुम्ही, मी तोंड धरून ठेवते. घट्ट. तुम्ही खाल्लात का? चिमूटभर? जिभेवर? ते चालेल, पोटात गेलेलं चालतं, हुंगलात नाही ना? खोकला? छातीत जड? नाही ना? नातवाला? …नाही दिलं. बरं. बरं.

म्हणजे ते बरणी उघडून वाटतायत. म्हणजे वाटेत भेटेल त्याला. अर्थात. केशिक झाकून ठेवतात का कुणी? मला कळायला हवं होतं, मी काय परदेशातून आलेय? आमच्या घरीही आई शेजारच्या सात घरी वाटल्याशिवाय स्वतः तोंडात घालत नाही. तुम्हाला देताना खोकत होते का? आठवा ना. कापड त्यांनी सोडलं की तुम्ही? …त्यांनी. हसत होते? मग — मग ठीक होते. तेव्हा तरी ठीक होते. काल सकाळी. आता साडेचार वाजलेत, आजचे.

नाही, त्यांची चूक नाही यात. साल्किन आपांचीही नाही. तुम्ही आत्ता म्हणालात ना, म्हाताऱ्या बायका ऐकत नाहीत, स्वतःचं डोकं चालवतात — नाही, एजे. मी मघाशी सांगितलं ते तसं नव्हतं अगदी. म्हणजे सगळं खरंच सांगितलं. पण कॅप्सूल उघडायची, हे त्यांच्या डोक्यात आलं कुठून? कॅप्सूल तर अख्खीच गिळतात ना? पहिल्या दिवशी मी चौथ्या खोलीत उभी राहून सूचना वाचून दाखवत होते. ओस्मोनकुल अता म्हणाले, "पोरी, हे एवढं मोठं माझ्या घशातून उतरत नाही, ती गाठ दाबून बसलीय." आणि मी म्हटलं — बरोबरच सांगितलं मी, कागदात तसंच आहे — म्हटलं, "मग उघडा अता, आतले दाणे जर्दाळूच्या मुरंब्यात घाला आणि न चावता गिळा, पण —" आणि बाहेर जेवणाची ढकलगाडी दाराला धडकली. धाडकन. मी अशी उडाले की हातातले कागद सगळे कॉटखाली. सगळी खोली हसली. तेव्हाच नाव पडलं ते, ससुली. अता स्वतः वाकून कागद गोळा करायला लागले, मी म्हटलं तुम्ही वाकू नका, टाके आहेत, आणि मीही हसत होते, लाज वाटत होती, कान गरम झाले होते — आणि मी बाहेर आले. ते 'पण' तिथंच राहिलं. पण कुटू नका. पण भुकटी करू नका. सांगितलंच नाही.

आठवलं नाही असं नाही. जिन्यातच आठवलं. वाटलं, परत गेले तर पुन्हा हसतील. उद्या सांगू. आणि उद्या दुसऱ्या खोलीचं काम होतं. मग खाली एक रकाना असतो, 'सर्व सूचना पूर्ण समजावून सांगितल्या', त्यापुढे सही. ती माझी आहे. आणि खलबत्ता दिसला त्या दिवशी, ती सातवी ओळ मला आठवली होती, एजे. काल नव्हे, त्याच दिवशी. तोंडात बोर्सोक होता आणि आठवली. मी मनात म्हटलं, दीड महिना कुटतायत, काही झालं नाही ना, मग नसेलच होत. आत्ता सांगितलं तर विचारतील, आधी का नाही सांगितलंस?

हे मी कुणालाच बोलले नाही. तुम्हाला का सांगितलं, कुणास ठाऊक. हवं तर शिव्या द्या.

कुठं चाललात? …घोडा? कुणाचा, दिराचा? किती वेळ लागेल त्याला? तीन तास. म्हणजे साडेसात. जाऊ दे त्याला, आत्ताच जाऊ दे, आणि हे सांगा त्याला — थांबा, नीट सांगा, मी सांगते, दारातूनच हाक मारा — बरणी दिसली तर ओल्या कापडात गुंडाळायची, उघडी असेल तर आधी वरून पाणी ओतायचं, झाडायची नाही, पुसायची नाही. आणि हा पंप न्यायला सांगा, हा निळा, मी वॉर्डातून आणलाय — हो, न विचारता आणलाय. तोंडात धरून दाबायचा, दोनदा. श्वास लागला असेल तर लगेच, आणि झोपवायचं नाही, बसवून ठेवायचं. कळलं का त्याला? त्याच्याकडून परत म्हणवून घ्या. नाही, मान हलवली म्हणजे कळलं असं नाही, म्हणून दाखवायला सांगा! …म्हटलं? सगळं? ओलं कापडसुद्धा? बरं. गेला.

आणि तुम्ही मला तो जिल्ह्याचा नंबर द्या. दवाखान्याचा. भिंतीवर लिहिलेला हाच ना? सांगते त्यांना. सगळं सांगते, नाव पण सांगते. प्रोफेसरांचं काय ते — असू दे, मग बघू. आधी एकदा एल्नुराचा बघते, शेवटचा, हा नाही लागला तर लगेच तो. पाच वाजत आले, दोहणं झालं असेल. ढग नाहीत आज.

…थांबा.

एजे, वाजतोय. घंटी जातेय. चढली वाटतं ती टेकडीवर — वाजतोय, वाजतोय, उचल गं, नवरा नाही म्हणून ठेवू नकोस, उचल —

हॅलो? हॅलो, एल्नुरा? मी बिश्केकहून, हॉस्पिटलातून — कोण? …अता?

तुम्ही? तुम्ही स्वतः चढून आलात? एकटेच? सूनबाई कुठंयत, का नाही आल्या त्या? — नाही, नाही, बोलू नका, उत्तर देऊ नका, आधी खाली बसा, तिथंच बसा गवतावर आणि श्वास घ्या. मी ऐकतेय. हळूहळू घ्या.

एजे, तो फ्रीज बंद करा. पूर्ण बंद करा, आणि तुम्हीही हलू नका — मला त्यांचा श्वास नीट ऐकू द्या. ही धाप चढाची आहे की —